थांबलेला हात

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत विद्यार्थिदशेत पुष्कळ व्याख्याने ऐकल्यामुळे, वक्तृत्व म्हणजे सुभाषितांची पेरणी, अवतरणांची आतषबाजी आणि शेवटी टाळ्यांचा गजर, अशी माझी भाबडी समजूत होऊन बसली होती. त्या समजुतीच्या भरवशावर, आमच्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात बोलण्याचे निमंत्रण येताच मी फुलस्केपची बारा पाने भरून मसुदा सिद्ध केला आणि कचेरीतील शिरस्तेदाराने हुकूमनामा वाचावा तशा निर्विकार सुरात तो वाचून दाखविला. चौथ्या पानाला मुले उठली, सातव्या पानाला त्यांना शोधण्याच्या निमित्ताने आया उठल्या, आणि अखेरीस पेट्रोमॅक्सच्या फुरफुरीखेरीज माझ्या वाक्यांना साथ देणारे कोणी उरले नाही. घरी आल्यावर आत्या एवढेच म्हणाली, "लिहिलं होतंस छान रे, पण बोलत होतास कोणाशी?"

या प्रश्नाचे उत्तर पुढे गाडगे महाराजांच्या कीर्तनात सापडले. अक्षरओळखीवाचून वाढलेला तो पुरुष अफाट समुदायाला साधेसुधे प्रश्न विचारी, उत्तर समुदायाच्याच मुखातून काढून घेई, आणि ऋण काढून सण करू नये, देवापुढे बकरे कापू नये, हा उपदेश ऐकणाऱ्याला आपल्याच मनाचा निवाडा वाटावा अशा बेताने त्याच्या पदरात टाकी. तेव्हा उमगले की, वाचकाला मागील पान उलटून पाहता येते, श्रोत्याला ती सवलत नसते. म्हणून डोळ्यांसाठी केलेला दस्तऐवज आणि कानांसाठी रचलेले भाषण यांची जातच निराळी.

मात्र दोष लिहिण्याचा नव्हता. गेटिसबर्ग येथे १८६३ साली एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलल्यानंतर, उण्यापुऱ्या पावणेतीनशे शब्दांत आपले भाषण आटोपून जगाच्या स्मरणात राहिलेला लिंकनही लिहिलेला कागद घेऊनच उभा होता. फरक इतकाच की, काय गाळावे हे त्याने लिहितानाच ठरविले होते.

तेव्हापासून प्रत्येक मसुदा मी प्रथम आत्यापुढे मोठ्याने वाचतो. ती सुपातले तांदूळ निवडीत असते. ज्या वाक्याला तिचा हात चालूच राहतो ते वाक्य मी मुकाट्याने खोडतो, ज्याला थांबतो ते ठेवतो. बारा पानांची आता तीन झाली आहेत. तांदूळ मात्र पूर्वीपेक्षा उशिरा निवडून होतात.