संमतीपत्रावरची सही

आजाऱ्यापासून त्याचा आजार लपवून ठेवणे यालाच आपल्याकडे बहुधा माया म्हणतात. आम्हां भावंडांचीही तीच समजूत होती. २०१६ साली आमच्या थोरल्या बहिणीच्या, बायच्या, स्तनाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरल्याचे कळले, तेव्हा 'जुन्या दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली आहे' एवढेच आम्ही तिला सांगितले. सायंकाळच्या रोझरीला मात्र आम्ही एकमेकांच्या नजरा चुकवीत असू.

तीन आठवड्यांनी हे नाटक संपले. मुंबईच्या रुग्णालयात डॉक्टरांनी केमोथेरपीच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब हे औषध सुचविले आणि संमतीपत्र बायपुढे ठेवले. हृदय दुर्बल होण्याचा धोका त्यात लिहिलेला होता. तीस वर्षे शाळेत शिकविलेली बाय न वाचता सही करणाऱ्यांपैकी नव्हती. तिने विचारले, "डॉक्टर, याने मी बरी होणार, की मला वेळ मिळणार?" डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाले, "वेळ मिळावा, आणि तो बरा जावा, असा प्रयत्न आहे." बायने आमच्याकडे पाहिले. "मग माझे तीन आठवडे तुम्ही मला न विचारता का खर्च केलेत?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही लपविणे सोडले आणि समजून घेण्यास आरंभ केला.

स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारणतः १५ ते २० टक्के कर्करोगांत पेशींच्या पृष्ठभागावर 'हर-टू' नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर असते व ते पेशींना सतत वाढत राहण्याचा इशारा देते. ट्रास्टुझुमॅब नेमके या प्रथिनाला जाऊन चिकटते. केमोथेरपी मात्र झपाट्याने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालते. केस गळतात, तोंड येते ते त्यामुळेच. दोहोंच्या संयोगाचा मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पसरलेला आजार असलेल्या ४६९ स्त्रियांपैकी केवळ केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्य आयुर्मान सुमारे २० महिने होते, तर जोडीने औषध घेतलेल्यांचे सुमारे २५. परंतु या पाच महिन्यांचे मोलही मोजावे लागले. अँथ्रासायक्लिन गटातील केमोथेरपीबरोबर हे औषध दिलेल्या २७ टक्के स्त्रियांच्या हृदयावर परिणाम झाला. पॅक्लिटॅक्सेलबरोबर दिलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. म्हणूनच पसरलेल्या आजारात पहिली जोडी सहसा टाळली जाते आणि हृदयाची 'इको' तपासणी वरचेवर केली जाते.

पुढे डोसेटॅक्सेल व ट्रास्टुझुमॅब यांच्या जोडीला पर्टुझुमॅब हे तिसरे औषध आले. ८०८ रुग्णांच्या अभ्यासात मध्य आयुर्मान ४०.८ महिन्यांवरून ५६.५ महिन्यांवर गेले. जुलाब वाढले, पांढऱ्या पेशी घटून येणारा ताप वाढला. पण हृदयाची हानी अधिक झाली नाही. याउलट बेव्हॅसिझुमॅबची गोष्ट. पॅक्लिटॅक्सेलबरोबर ते दिल्यास रोगाची वाढ काही महिने लांबते असे दिसल्यावर अमेरिकेत २००८ साली त्यास मान्यता मिळाली. परंतु आयुष्य वाढल्याचे सिद्ध होईना आणि रक्तदाब, रक्तस्राव यांचे धोके मात्र उघड होते, म्हणून २०११ साली स्तनाच्या कर्करोगासाठीची ती मान्यता काढून घेण्यात आली. नवे औषध जोडले म्हणजे लाभ झालाच, असे नाही.

हे आकडे आम्ही बायला वाचून दाखविले. ती म्हणाली, "मध्य म्हणजे निम्म्या बाया त्याच्या पुढेही जातात ना? मग घाबरायचे कशाला आणि हुरळायचे तरी कशाला?" पर्टुझुमॅबचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. तेही आम्ही तिला सांगितले. सांगताना जीभ जड झाली, पण सांगितले.

पहिल्या सलाइनच्या आदल्या दिवशी तिने फादरांना बोलावून रुग्णाभ्यंग संस्कार घेतला. शेजारीपाजारी दचकले. "हा मरणाऱ्याचा नव्हे, आजाऱ्याचा संस्कार आहे," असे तिनेच त्यांना समजाविले. वैद्याचा मान राखावा आणि प्रार्थनाही करावी, हे बेनसिराच्या ग्रंथातील शहाणपण तिने आमच्याआधी अंगी बाणविले होते.

सहा महिन्यांनी 'इको'त हृदयाची क्षमता ६० वरून ४५ टक्क्यांवर आलेली दिसली. ट्रास्टुझुमॅब थांबविले गेले. ते आठवडे आम्हांला फार जड गेले. ज्या औषधावर भरवसा ठेवला तेच बंद होते. हृदयाच्या गोळ्यांनी क्षमता पुन्हा ५५ वर आली आणि औषध सुरू झाले. या काळात बाय शांत होती, कारण असे घडू शकते हे तिला आधीच ठाऊक होते. घाबरलो होतो ते आम्हीच.

बाय २०१९ च्या पावसाळ्यात गेली. मिळालेली तीन वर्षे तिने तिच्या मनाप्रमाणे घालविली. केळीच्या वाडीची वाटणी स्वतः करून दिली, दुरावलेल्या धाकट्या जावेशी समेट केला, आणि अंत्यविधीतील गीतेही स्वतःच निवडून ठेवली. आम्ही लपवीत राहिलो असतो, तर यांपैकी काय झाले असते?

५ फेब्रुवारीला संत अगाथाचा सण येतो. स्तनाच्या आजाराने पीडित स्त्रिया तिचा धावा करतात. त्या दिवशी आम्ही बायच्या नावाने मिस्सा अर्पण करतो. मिस्सेनंतर कधी कोणी हळूच विचारते, "आमच्या आईला सांगावे का हो?" आम्ही म्हणतो, सांगा. औषध तिच्या शरीरात जाणार आहे, हृदय तिचे आहे आणि उरलेला वेळही तिचाच आहे.