दुसऱ्यांदा बसवलेले इंजिन

ग्वारीघाटावर संध्याकाळची आरती सुरू झाली की घंटांचा नाद आमच्या अंगणापर्यंत येतो. पूर्वी घाटाजवळच्या स्टेशनातून गोंदियाकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टीही ऐकू येई. 2015 मध्ये ती अरुंद रुळांची गाडी बंद झाली. त्याच अंगणात एक जोंगा कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. तिचे इंजिन गेल्या हिवाळ्यात आम्ही नव्याने बांधून बसवले. खरे सांगायचे तर दोनदा बसवले. सांगायची हकिकत दुसऱ्या वेळेची आहे, परंतु ती पहिलीवाचून कळावयाची नाही.

जोंगा हे नाव ऐकून दूरच्या वाचकाला एखाद्या वन्य पशूची आठवण होईल. जबलपूरच्या माणसाला ते घरचे नाव आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते बनले. जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ गाडीचा परवाना घेऊन ही गाडी सैन्यासाठी आमच्या गावात तयार होत असे. गन कॅरेज कारखाना इथला सर्वांत जुना, 1904 सालचा. वाहन कारखाना 1969 मध्ये उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी माझे वडील, अप्पा, तेथे कामाला लागले. जोंगांचे उत्पादन 1999 मध्ये थांबले. सैन्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा अप्पांनी निवृत्तीच्या पैशांतून एक घेतली. आई त्यावर आठ दिवस बोलली नाही.

ही गाडी त्यांनी का घेतली, हे मला पुष्कळ दिवस उमगले नव्हते. एकदा मी विचारले. ते म्हणाले, “अरे, आमच्या हातून गेलेली गाडी पुन्हा आमच्या दाराशी कधी येत नसे. कुठे लडाखला, कुठे राजस्थानात. ती चालली की बंद पडली, आम्हाला काय कळणार?” ही गाडी त्यांच्याच हातची असेल असे ते कधी म्हणाले नाहीत. नसेल, असेही म्हणाले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आईने नर्मदा परिक्रमेचा विषय काढला. जन्म नदीकाठी गेला, पण प्रदक्षिणा काही घडली नाही. पायी करावयाची तर रूढीप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस. आईच्या गुडघ्यांना तेरा दिवसही झेपले नसते. बसने जाणारे मंडळ होते. पण अप्पांचे हात चार वर्षांपासून थरथरतात, औषधांच्या वेळा ठरलेल्या, आणि मनात येईल तेथे थांबता आले पाहिजे. मग अप्पांनी अंगणाकडे बोट केले. मागे दोन फळ्यांचे बिछाने, एक स्टोव्ह, पाण्याची टाकी, वर ताडपत्री: एवढे झाले की ते चालते घर होणार होते.

अशा चालत्या घराची कल्पना त्यांच्या मनात फार जुनी होती. सत्तरच्या दशकात युरोपातून तरुण मुले फोक्सवॅगनच्या मोटारी घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिंदुस्थानात येत. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा आल्या, आणि ती वाट मोडली. तशी एक गाडी अप्पांनी भेडाघाटाला उभी पाहिली होती. ते तिच्या मालकाजवळ दोन तास बसले. इंजिन मागे, लहानसे, पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारे. रेडिएटर नाही, पाणी नाही. गिअरबॉक्सला ते चार बोल्टांनी धरलेले असते; बोल्ट सोडून जॅकवर खाली उतरवले की रस्त्याकडेलाही दोन माणसे काम उरकतात. “आमची जोंगा तशी भली नाही,” अप्पा म्हणत. “तिला बॉनेट काढा, रेडिएटर काढा, नळ्या काढा, मग ती दर्शन देते.”

जोंगाचे इंजिन सहा सिलिंडरांचे, 3956 घन सेंटिमीटरचे, पेट्रोलवर चालणारे. लिटरमागे चार-पाच किलोमीटर धावली तर नशीब. मी डिझेलचे इंजिन बसवावे म्हणत होतो. मिस्त्रीही माझ्याच बाजूचा. हिशेबाने आमचे म्हणणे बरोबर होते, हे मी आजही सांगतो. अप्पांनी एवढेच विचारले, “मग ही जोंगा राहील का?” मी वाद सोडला, कारण तो हिशेबाचा राहिला नव्हता.

इंजिन उतरवून मिस्त्रीकडे दिले. सिलिंडर बोअर झाले, मोठ्या मापाचे पिस्टन पडले, क्रँकशाफ्टला सफाई मिळाली, बेअरिंगे नवी आली. दोन महिने त्यात गेले. काही भागांसाठी मी नागपूरच्या जुन्या बाजारात दोनदा जाऊन आलो, त्याचे वर्णन करीत नाही. बसवण्याचे काम मात्र घरीच व्हायचे, अशी अप्पांची अट होती. हात माझे, डोळे माझे, आणि बोलणे त्यांचे.

मिस्त्रीचा पोऱ्या कडुलिंबाच्या फांदीला चेनपुली बांधू लागला. अप्पांनी त्याला थांबवले आणि लोखंडी पाइपांची तिपाई मागवली. “झाड आपल्याला सांगून मोडत नाही,” ते म्हणाले. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर मधोमध बसावी म्हणून एका जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट त्यांनी जपून ठेवला होता. तो मध्ये घालून मी प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. अप्पा खुर्चीवर होते. त्यांनी विचारले, “स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. मी पाहिले नव्हते.

इंजिन आत उतरताना सर्वांत अवघड क्षण शेवटचा असतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांत शिरला पाहिजे, आणि तो शिरत नाही. बोटभर फट राहते. अशा वेळी बोल्ट लावून आवळत न्यावे असा मोह होतो, आणि त्यातच प्लेट वाकते किंवा गिअरबॉक्सचे कान तुटतात. अप्पा म्हणाले, “ओढू नकोस. गाडी गिअरमध्ये टाक आणि क्रँक केसभर फिरव.” मी फिरवला. अर्धा तास गेला. मग एकाएकी, कुणी दार उघडावे तसे इंजिन आत सरकले आणि फट मिटली.

प्लग काढून स्टार्टर फिरवला. ऑइलच्या दाबाचा काटा वर आला, तेव्हाच अप्पांनी प्लग लावू दिले. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. तो आवाज मी काय वर्णावा! शेजारी जमले. आईने नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. मी क्लच दाबला आणि गिअर टाकू गेलो, तो नुसता खरखराट. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. पेडल बरोबर, जोडणी बरोबर. क्लच सुटतच नव्हता.

अप्पांनी इंजिन बंद करायला सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांना समजले हे मला समजले. प्लेट उलटी बसली होती; तिचा फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांवर टेकला होता. जे दोन दिवसांत चढवले ते सगळे पुन्हा उतरवणे भाग होते. शेजारी हळूहळू पांगले. अप्पांनी चहा मागितला.

रागावले असते तर बरे वाटले असते. रात्री मी म्हणालो, “अप्पा, मी न बघता हो म्हटले.” ते म्हणाले, “ठाऊक आहे. तुझा आवाज फार लवकर आला.” मग बऱ्याच वेळाने: “मी स्वतः बोट लावून बघायचे, पण हात असा नाचतो; तू हसशील असे वाटले.”

हे ऐकून मला झोप लागली नाही. अडतीस वर्षे या माणसाने दररोज त्या दरवाज्यातून आत जाऊन काय केले, हे मी कधी विचारले नव्हते. तो डबा घेऊन जाई आणि ग्रीसचा वास घेऊन परत येई, एवढेच आमचे ज्ञान. आमच्या गृहपाठाला, आजारपणाला ते नसत, ही तक्रार मात्र आम्ही नीट सांभाळली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिपाई उभी राहिली. प्लेट बाहेर आली, तेव्हा बोल्टांच्या घासण्याचे वर्तुळ तिच्यावर उमटलेले होते. सुदैवाने अस्तर शाबूत होते. ती परत लावण्यापूर्वी मी अप्पांचा हात माझ्या हातात घेतला आणि त्यांची बोटे त्या फुगीर भागावर ठेवली. हात थरथरत होता. कुणी हसले नाही. त्यांनी दोनदा चाचपले, खडूने एक फुली केली आणि म्हणाले, “हं. आता लाव.”

या खेपेस इंजिन अधिक लवकर आत गेले. सुरू झाले, तेव्हा आई दारात नारळ घेऊन उभी होती. पण तिने तो फोडला नाही. “आधी गिअर पडू दे,” ती म्हणाली.

गिअर पडला. गाडी हातभर पुढे सरकली आणि थांबली. मग नारळ फुटला.

पहिले पाचशे किलोमीटर सावकाश घ्यायचे, मग गरम इंजिनाचे हेडचे बोल्ट तपासायचे, असा अप्पांचा हुकूम होता. भेडाघाटच्या आणि बरेलाच्या रस्त्यांवर मी ते पुरे केले. नर्मदा जयंतीनंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो. ग्वारीघाटावर पूजा झाली, आईने बाटलीत नदीचे पाणी भरून घेतले. नदी उजव्या हाताला ठेवावयाची म्हणून आमचे तोंड पूर्वेकडे, अमरकंटकच्या दिशेला होते. आई मागच्या फळीवर बसून डबे मोजत होती. अप्पा माझ्या शेजारी, डोळे मिटून. मला वाटले झोपले. चढण लागली आणि मी गिअर बदलायला उशीर केला, तेव्हा डोळे न उघडताच ते म्हणाले, “ऐक, ती मागते आहे.”