टपरीवरची पुडी

ह्यांच्या कामानिमित्त मलाही आठ दिवस ढाक्याला जायचा योग आला. जामदानी साड्या पाहिल्या, बुढीगंगेवरच्या होड्या पाहिल्या. पण ते पुन्हा केव्हातरी. आज सांगायचंय ते एका टपरीविषयी.

मोहाखाली भागात अतिसारावर संशोधन करणारी मोठी संस्था आहे. तिचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, रिक्षावाल्याला 'कलेरा हॉस्पिटल' म्हटलं की पुरे! जवळच्या टपरीवर चहा, केळी, बिस्किटं, आणि त्यांच्याच शेजारी माळेसारख्या लटकणाऱ्या 'ओरसॅलाइन'च्या पुड्या. म्हणजे आपली जलसंजीवनीच. किंमत चहाच्या कपाहून कमी. पुढे खेड्याकडे गेलो, तिथल्या वाण्याकडेही त्याच पुड्या!

हे आपसूक घडलेलं नाही बरं का. १९८० ते १९९० या काळात 'ब्रॅक' संस्थेच्या बायका १ कोटीहून अधिक घरी गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, असं प्रत्येक आईकडून समोर करवून घेतलं. आणि पगार कसा? आईच्या नंतर किती लक्षात राहिलं, ते तपासून! (आम्हा शिक्षकांना हा नियम लावला तर?) दुसरीकडे, सरकारच्या पाठबळानं कुटुंबनियोजनाची साधनं दुकानोदुकानी पोचवणाऱ्या 'सोशल मार्केटिंग कंपनी'नं १९८५ च्या सुमारास त्याच वाटेनं ही पुडी पाठवली. आयांना महत्त्व आधीच पटलेलं होतं आणि दुकानदाराला चार पैसे सुटत होते. मग पुडी का खपणार नाही?

टपरीवर एक आजी आल्या. नातवाला जुलाब होत होते. दोन पुड्या घेतल्या, पदरात बांधल्या. माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, तर म्हणाल्या, "लोबोन-गुड मी नवी नवरी असताना शिकले."

मला माझी आजी आठवली. तीही प्रेमळच होती. १९८६ साली माझ्या थोरल्या भावाला ढाळ लागले, तेव्हा "पाणी पाजू नका, पोट आणखी वाहील" असं तीच म्हणाली. तो सात महिन्यांचा होता. मी त्याला पाहिलेलं नाही.

तेव्हा एवढं कराच. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, उकळून गार केलेलं, मोजून घ्या. तिथली पुडी अर्ध्या लिटरची, आपली मोठी १ लिटरची, अंदाजपंचे नको. चमच्या-चमच्यानं पाजा, अंगावरचं दूध थांबवू नका. सोबत डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा १० ते १४, झिंकची गोळी. जुलाब थांबले तरी पुरी करायची. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबूच नका.

परतल्यावर माहेरी गेले, तेव्हा गावच्या वाण्याकडे मुद्दाम पुडी मागितली. "मेडिकलात बघा, ताई." मेडिकल तालुक्याला, अकरा किलोमीटरवर. आशाताईंकडे पुड्या असतात, पण त्या दिवशी त्याही बैठकीला तालुक्यालाच गेल्या होत्या. वाण्याच्या दारावर शांपूच्या पुड्यांची माळ मात्र वाऱ्यानं हलत होती.