खानचं साल

चवथीच्या दुसऱ्या दिवशी भाचरं-पुतणे जमतात, जेवणं होतात, आणि मग दुपारी कुणाला झोप येते तर कुणाला वाद सुचतात. २०२३ सालच्या चवथीला आमच्याकडे वाद झाला तो एका वहीवरून.

वही माझ्या मावसभावाची. आम्ही त्याला दादा म्हणायचो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची, तेव्हा आमच्या वाड्यावर एकच टीव्ही होता, आणि त्याच्यासमोर दादा वही घेऊन बसायचा. बाकीची पोरं मिस्टर स्पॉकच्या कानांकडे बघायची आणि दादा साल शोधायचा. ही गोष्ट नक्की कधी घडते? हा त्याचा प्रश्न.

प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. मालिकेच्या कर्त्यांनी साल सांगायचं टाळण्यासाठीच 'स्टारडेट' नावाचा आकडा काढला होता. लेखकांना सूचनाच होती, कुठलेही चार आकडे घ्या आणि पुढे एक दशांश लावा! साहजिकच घोळ झाला. १९६७ च्या जानेवारीत आलेल्या एका भागात पृथ्वीचा प्रकाश नऊशे वर्षांनी पोचलेला दाखवलाय आणि त्यात नेपोलियनच्या काळाचा थाट आहे. हिशेब केला तर गोष्ट अठ्ठाविसाव्या शतकात जाते. पुढच्याच महिन्यात, १६ फेब्रुवारीला, 'स्पेस सीड' हा भाग आला. त्यात विसाव्या शतकात गोठवून झोपवलेली माणसं सापडतात आणि ती दोनेकशे वर्षं झोपली होती असं सांगतात. महिन्याभरात पाचशे वर्षं गडप.

या झोपलेल्यांचा म्होरक्या म्हणजे खान नूनियन सिंग. उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असं त्या भागातली इतिहासतज्ज्ञ बाई सांगते, आणि काम केलंय मेक्सिकन नट रिकार्डो मोंताल्बान यांनी. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. हिंदी सिनेमात गोंयकार कसे दाखवतात ते पाहिलेल्यांना असल्या गोष्टींची सवय असते. या खानने १९९२ ते १९९६ पर्यंत दक्षिण आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पृथ्वीच्या पाव भागाहून जास्त भागावर राज्य केलं, आणि मग 'युजेनिक्स युद्धां'त हरून तो जहाजातून अंतराळात पळाला. साल १९९६. दादाच्या वहीतलं हे पहिलं पक्कं साल. खाली दोन रेघा.

पुढे दादा तारवटी झाला. बंदराबंदरांतून व्हिडिओ कॅसेटी यायला लागल्या आणि वही फुगत गेली. वहीचा नियम त्याने पहिल्या पानावर लिहिलाय: पडद्यावर बोललं गेलं ते शाईने, आपण जुळवलं ते पेन्सिलीने. आणि शाईवर काट मारायची नाही.

पेन्सिलीची पानं वाचताना मजा येते. १९८२ च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटात खान चेकॉवला बघताच ओळखतो. पण चेकॉव मालिकेत आला दुसऱ्या वर्षी, 'स्पेस सीड'नंतर! चेकॉवचं काम करणारे वॉल्टर कोनिग गमतीने सांगत, की तो जहाजावरच होता, पडद्यावर नव्हता इतकंच, आणि त्याने खानला संडासाबाहेर ताटकळत ठेवलं होतं म्हणून खान त्याला विसरला नाही. शिवाय चित्रपटात मधे पंधरा वर्षं गेल्याचं सांगतात. प्रेक्षकांसाठी ती पंधराच होती. पण मायकल आणि डेनिस ओकुडा या जोडप्याने १९९३ साली मालिकेची अधिकृत कालगणना छापली, तिच्याप्रमाणे ती अठरा होतात. दादाने समासात लिहिलंय, 'तीन वर्षं कोणी खाल्ली?' १९९७ च्या एका भागात चोविसाव्या शतकातला अधिकारी युजेनिक्स युद्धं 'दोनशे वर्षांपूर्वी' झाल्याचं सांगतो. चारशे म्हणायला हवं होतं. ती चूक होती हे लेखक रोनाल्ड मूर यांनी सरळ कबूल केलं. मला तो माणूस त्यामुळे आवडतो.

खरी पंचाईत झाली ती १९९६ साल उजाडल्यावर. खान कुठे आहे? त्याच वर्षी 'व्हॉयेजर' मालिकेतलं जहाज भूतकाळात, नेमकं १९९६ च्या लॉस एंजेलिसमध्ये येतं. तिथे युद्धाचा मागमूस नाही. लोक आइस्क्रीम खातायत. फक्त एका मुलीच्या टेबलावर खानच्या जहाजासारख्या जहाजाचं छोटं मॉडेल ठेवलेलं दिसतं. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या रात्री दादाचा कुठल्याशा बंदरातून फोन आला होता. "अरे, वर्ष संपलं. खान गेला काय रे?" आयएसडीचे दर त्या काळी काय होते ते आठवून बघा.

चाहत्यांनी वाटा काढल्या. ग्रेग कॉक्स यांनी २००१ आणि २००२ मध्ये दोन कादंबऱ्या लिहून ती युद्धं खऱ्या घडामोडींच्या आड गुपचूप झाली असं दाखवलं. दुसरी वाट सोपी: ते विश्व वेगळं, आपलं वेगळं. आमच्या आजीला हे ऐकवलं असतं तर तिने एका शब्दात संपवलं असतं. देवळातल्या कीर्तनात एका पुराणात गणपतीची कथा अशी आणि दुसऱ्यात तशी का, असं कुणी विचारलं की बुवा म्हणत, कल्पभेद! त्या कल्पात तसं घडलं, या कल्पात असं. वाद मिटला, घाला बुक्का.

दादाला कल्पभेद मान्य नव्हता. त्यावरून आमचं एकदा जोरात वाजलं होतं. "वेगळं विश्व म्हटलं की मग बघायचं कशाला?" तो म्हणायचा. "ही माणसं आमची नातवंडं-पणतवंडं आहेत म्हणून मी बघतो. भूक गेली, लढाया गेल्या, हे आमचं होणार आहे. दुसऱ्याच कुणाचं होणार असेल तर मला त्याचं काय?" मी हसलो होतो. जहाजाच्या इंजिनरूममध्ये सहा-सहा महिने काढणाऱ्या माणसाला त्या स्वच्छ जहाजात काय दिसत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दादा २००८ साली गेला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. वहिनीने वही माझ्याकडे दिली.

तर हा मुलगा चवथीला वही मागून घेऊन बसला आणि म्हणाला, "काका, वही आता चुकली."

त्या जून महिन्यात 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मालिकेचा एक भाग आला होता. खानची वंशज ला'आन टोरांटोत येते, आपल्याच काळातल्या. तिथे भविष्यातून आलेली रोम्युलन हेर वैतागून सांगते, की हे सगळं १९९२ मध्येच व्हायचं होतं, पण काळात इतकी ढवळाढवळ झाली की घटना पुढे ढकलल्या गेल्या, आणि ती तीस वर्षं इथे अडकून पडली. आणि खान? एका खोलीत बसलेलं लहान पोर. ला'आनच्या हातात पिस्तूल असतं, ती ते चालवत नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. छप्पन्न वर्षांची शाई एका संवादात पुसायची? मी पोराला म्हटलं, हा लबाडपणा आहे, कल्पभेदाहून वाईट. वहीला हात लावायचा नाही.

तो म्हणाला, "पप्पांना हेच हवं होतं ना? साल पुढे सरकलं म्हणजे ते सगळं अजून आपलंच होणार. १९९२ वर अडून बसलं तर ते दुसऱ्या कुणाचं."

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलेलंही नाही. वहिनीने सांगितलं असणार.

मी तरी म्हटलं, लिहायचंच तर पेन्सिलीने लिही. त्याने पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पडद्यावर बोललं गेलं ते शाईने.

१९९२ च्या ओळीखाली जागा फार नव्हती. त्याने बारीक अक्षरात लिहिलं, वरच्या ओळीवर काट मारली नाही. घरात निळं पेन सापडलं नाही म्हणून हिरव्याने लिहिलंय.