स्मरणचित्राचा पेपर

कोल्हापूरला आगगाडी आली १८९१ साली. त्याच्या आदल्या वर्षी, १८९०च्या जानेवारीत, महादेव विश्वनाथ धुरंधर नावाचा बावीस वर्षांचा तरुण तिथून निघाला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. गावात असताना आबालाल रहिमानांची चित्रं त्याच्या नजरेला पडली होती. अशी चित्रं लहान वयात पाहिली की मुलगा मग दुसऱ्या कामाचा उरत नाही. जे. जे.त तेव्हा प्रिन्सिपॉल होते जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे. धुरंधर तिथे शिकले आणि तिथेच शिकवू लागले. १८९५मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, पुढे हेडमास्तर झाले, रावबहादूर झाले. १९३०मध्ये काही काळ संस्थेचं संचालकपद त्यांच्याकडे आलं, आणि त्या खुर्चीत बसलेले ते पहिले भारतीय ठरले. १९३१च्या जानेवारीत निवृत्त झाले. या सगळ्या काळाच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक १९४०मध्ये निघालं: ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. आयुष्याचा हिशेब मास्तरकीच्या वर्षांनी मांडणारा चित्रकार मला फार जवळचा वाटतो.

मी मानखुर्दला राहते. इथे धुरंधरांचं काही नाही. त्यांच्या हयातीत इथे खाजण होतं, मिठागरं होती, खाडीकाठची गावं होती. लोकल मानखुर्दपर्यंत आली तीच १९५१च्या सुमारास, आणि नंतर चाळीसेक वर्षं ती इथेच संपायची. खाडीवरचा पूल झाल्यावर १९९२मध्ये गाडी वाशीला जाऊ लागली. तरीही वस्तीतल्या मुलांच्या हातात पेन्सिल दिसली की मला धुरंधर आठवतात. त्याला कारण आहे.

राजा रविवर्म्याच्या वळणाची पौराणिक चित्रं त्यांनी काढली. शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंग औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी रंगवले, दिल्लीच्या सचिवालयासाठी मोठाली कामं केली. त्यांचं मोल मोठंच आहे. पण माझं मन रमतं ते त्यांच्या रस्त्यावरच्या माणसांत. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी या शहराच्या गल्लीबोळांवर पुस्तक लिहिलं, त्याला चित्रं धुरंधरांची. ऑटो रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकातही, १९२०च्या, त्यांचीच जलरंगातली चित्रं आहेत. लिहिणारे साहेब होते, आणि त्यांच्या मजकुरात साहेबाची नजर डोकावत राहते. चित्रातली कोळीण मात्र नुसता नमुना म्हणून उभी नाही. पदर कसा खोचलाय, भार कुठल्या पायावर आहे, हे बघणाऱ्याला ठाऊक आहे. २०१८मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे भव्य तैलचित्रांपुढे गर्दी होती, आणि मी मात्र पेन्सिलीच्या लहान लहान कागदांपाशी थांबून राहिले. घरची माणसं, लग्नातल्या बायका, कुणाची नुसती पाठ. पहिली पत्नी बापूबाई प्लेगात गेली, संसार मोडला, पुन्हा उभा राहिला. हात काही थांबला नाही. रोज दिसणारं माणूस रोज काढायचं, हा त्यांचा नेम होता. वर्गातल्या मुलांना मास्तर काय सांगत असतील, ते त्या कागदांवरून कळतं.

आता आमच्या बाजूचं सांगते. लल्लूभाई कंपाउंडच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. रेल्वे रुळांलगतच्या झोपड्या उठवल्या, तिथली माणसं इथे आणून वसवली. पक्कं घर मिळालं, पण उजेड मिळाला नाही. चित्र काढणाऱ्याला उजेड एका बाजूने लागतो, तेव्हा कुठे वस्तूची सावली पडते आणि तिला गोलाई येते. इथे घरातल्या पेल्याला धड सावलीच नाही. म्हणून मुलं ड्रॉइंगबोर्ड घेऊन जिन्यात बसतात, नाहीतर गच्चीवर.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेली एक मुलगी अशीच जिन्यात बसून स्मरणचित्राचा सराव करत होती. हा पेपर तुम्हाला आठवत असेल: समोर काही ठेवलेलं नसतं, विषय वाचायचा आणि पाहिलेलं आठवून काढायचं. बाजार, बसथांबा, जत्रा. तिने निवडला होता पाण्याचा नळ. रांगेत पाच बायका, पाचही ताठ, पाचही हंडे सारखे, मागे एक नारळाचं झाड. नारळाचं झाड आमच्या नळावर नाही. ते गाइडमधून आलं होतं.

तिचे ड्रॉइंगचे सर आले. शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुलांना ते शिकवतात. त्यांनी चित्राला बरंवाईट काहीच म्हटलं नाही. खोडरबरही मागितलं नाही. म्हणाले, “यातला कुठला हंडा भरलेला आहे?”

ती बघत राहिली.

“जा, नळावर जाऊन उभी राहा. वही नेऊ नकोस. नुसतं बघ.”

ती परत आली आणि तिने पुन्हा काढायला घेतलं. भरलेला हंडा कमरेवर घेतलेली बाई आता एका अंगाला कलली होती, हंड्याच्या बाजूची कंबर बाहेर, दुसरा हात तोल सांभाळायला लांब गेलेला. रिकामा हंडा असलेली पोर मात्र तो मांडीवर आपटत उभी होती. एक म्हातारी हंड्यावरच बसली होती. झाड गेलं, त्या जागी पाण्याचा पाइप आणि त्यावर वाळत घातलेलं फडकं आलं. चित्र कच्चंच होतं, हाताचे पंजे तर अगदीच जमले नव्हते. पण आमचा नळ होता तो. मी तिथे पाणी भरलंय, मला लगेच ओळखू आला.

धुरंधरांची कोळीण आणि या पोरीची हंडेवाली यांच्यात शंभर वर्षं आहेत. शिकवणी एकच आहे.

या शिकवणीचं पुढे काय होणार, याची मला खरोखर काळजी वाटते. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांना कलाशिक्षक सांगितला आहे, तोही अंशकालीन, आणि मुलं शंभराच्या वर असली तर. कायमचे शिक्षक निवृत्त होतात, जागा भरत नाहीत. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आली की दहावीला सात गुण वाढतात. ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. पालक त्यासाठी तरी मुलांना बसवतात, हेही नसे थोडके. पण सात गुणांसाठी गाइडमधलं नारळाचं झाड पुरतं. भरलेला हंडा ओळखायला समोर मास्तर लागतो, आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो.

धुरंधरांना घरातच एक विद्यार्थिनी लाभली होती. मुलगी अंबिका जे. जे.त शिकून १९३१मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली, वडील निवृत्त झाले त्याच वर्षी. बाईने चित्रकार व्हावं हे तेव्हा किती घरांत चाललं असतं? १ जून १९४४ला वडील गेले. त्यानंतर साठहून अधिक वर्षं त्यांचा ठेवा अंबिकाबाईंनी खारच्या घरात जपला. स्वतः चित्रं काढली, आणि आठवणी लिहिल्या त्या ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने. २००९मध्ये त्या गेल्या. त्यांनी ते कागद जपले नसते, तर त्या प्रदर्शनात मी कशापुढे थांबले असते?

जिन्यातल्या त्या मुलीला बारावीनंतर जे. जे.ला जायचं आहे. प्रवेशपरीक्षेतही स्मरणचित्र असतं हे कळल्यापासून ती निश्चिंत आहे. तो पेपर आता आपला, असं तिला वाटतं. घरच्यांना अजून पुरतं पटलेलं नाही. परवा तिने विचारलं, “मावशी, सीएसटीला उतरल्यावर कुठल्या बाजूने जायचं?” मी म्हटलं, हार्बरने थेट जा, कुठे बदलायला नको. बाहेर पडलीस की क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत सूट. आधी टाइम्सची इमारत लागेल, मग अंजुमन-इ-इस्लाम, आणि त्याच्या पुढचं झाडीतलं फाटक. फॉर्म भरायच्या आधी एकदा नुसती बघून ये. सरांनाही घेऊन जा.