आमचे चित्रग्रंथालय

निवृत्त माणसाने घरातल्या कपाटांच्या वाटेला जाऊ नये. तुम्ही नोकरीत असताना जे कपाट वर्षानुवर्षे गप्प उभे असते, ते तुम्ही निवृत्त झालात की बोलायला लागते. आणि ते बोलले नाही तर त्याच्या वतीने बायको बोलते.

“अहो, त्या तबकड्यांचं काय करायचं ते दिवाळीच्या आत ठरवा. नाही तर मी ठरवीन.”

तबकड्या म्हणजे व्हीसीडी. एका व्हीसीडीवर फार तर सव्वा तासाचे चित्र मावते. त्यामुळे एक चित्रपट म्हणजे दोन तबकड्या, आणि दिग्दर्शक गाणेप्रिय असला तर तीन. अशा शंभरावर तबकड्या आमच्या खामगावच्या घरात होत्या. पुण्यातल्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, सगळं हार्ड डिस्कवर घ्या आणि एक सॉफ्टवेअर टाका. पोस्टर, नटांची नावं, कथानक, सगळं आपोआप येतं. घरच्या घरी ग्रंथालय!”

ग्रंथालय हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. मी बत्तीस वर्षे कॉलेजात ग्रंथपाल होतो. रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मी झोपेतसुद्धा क्रमाने म्हणू शकतो, असे बायकोच सांगते. मला ग्रंथालय शिकवणारे यंत्र अजून जन्मायचे होते.

ते जन्मलेले होते. या जातीचे एक जुने सॉफ्टवेअर २००२ साली व्हिडिओ गेमच्या एका डब्यासाठी तयार झाले, आणि २०१४ मध्ये त्याचे नाव ‘कोडी’ ठेवण्यात आले. ठेवणाऱ्यांना मराठी येत नसावे; पण एखाद्या गोष्टीचे नाव इतके चपखल बसलेले मी क्वचितच पाहिले आहे. आमच्या घरी आले ते मात्र दुसरे. त्याचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्याच्यापेक्षा माझाच हात मोठा होता.

पहिल्या संध्याकाळी मी हौसेने तबकड्या उतरवायला बसलो. व्हीसीडीच्या पोटात एक फोल्डर असते आणि त्यात चित्रपटाची फाइल. ती उचलायची आणि हार्ड डिस्कवर ठेवायची. दुसऱ्या तबकडीला संगणकाने विचारले, “या नावाची फाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू का?” मी सभ्य माणूस. हो म्हटले. तिसऱ्यालाही त्याने तेच विचारले, मीही तेच सांगितले. असे मी चाळीस वेळा हो म्हटले आणि रात्री समाधानाने फोल्डर उघडले, तर आत फाइल एक. चित्रपटसुद्धा एक नव्हे, एका चित्रपटाचा उत्तरार्ध.

नंतर कळले की ‘सोंगाड्या’ असो की ‘संत तुकाराम’, व्हीसीडीतल्या फाइलचे नाव बहुतेक एकच असते: ‘एव्हीसेक झीरो वन’. म्हणजे एका वर्गातल्या चाळीस पोरांची नावे गजानन. शेगाव जवळ असल्यामुळे आमच्या भागात ते अशक्य नाही; पण गुरुजी निदान आडनाव तरी लावतात. तेव्हा पहिला धडा: प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, आणि फाइलला उतरवतानाच नाव.

नाव दिले, तरी कोडी सुटेनात. हे सॉफ्टवेअर फोल्डरचे नाव वाचते, ते घेऊन महाजालावरच्या एका मोठ्या नोंदवहीत जाते आणि तिथे जे जुळेल ते घरी घेऊन येते. मी ‘श्यामची आई’ लिहिले. माझ्या मनात आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट. यंत्राने आणला २०२३ मध्ये आलेला. आई तीच, श्याम तोच, पण पोस्टर निराळे. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये निळू फुले आहेत हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या पडद्यावर तिथे तलवार घेतलेला एक गोरा राजा येऊन बसला. यावर उपाय काय, तर नावापुढे कंसात साल लिहायचे. मी कपाळावर हात मारला. शीर्षक, कर्ता, साल! बत्तीस वर्षे मुलांना हेच तर सांगत आलो होतो. खुद्द फाळक्यांनी १९१३ चा हरिश्चंद्र १९१७ मध्ये पुन्हा काढला होता; साल नसेल तर कोणता हरिश्चंद्र खरा, हे विश्वामित्रालाही सांगता येणार नाही.

दुसरे, एका चित्रपटाच्या दोन तबकड्या म्हणजे यंत्राच्या मते दोन चित्रपट. पहिल्यात सगळे प्रश्न, दुसऱ्यात सगळी उत्तरे. दोन्ही फाइलींना एकच नाव देऊन शेवटी ‘सीडी १’, ‘सीडी २’ असे लिहिले की ती शहाण्या भावंडांसारखी एका पोस्टरखाली नांदतात.

मग टीव्हीचा रुसवा. संध्याकाळी लाइन गेली आणि तासाभराने आली. संगणक सुरू, टीव्ही सुरू, पण टीव्हीला संगणक दिसेना. शेजारचे काकाजी बघायला आले होते. ते म्हणाले, “काहून नाही दिसत? समोरच तर हाये!” मुंबईहून येताना खामगावला जायचे तर जलंबला गाडी बदलावी लागते. डुलकी लागली की माणूस थेट शेगावला. दर्शन घडते, कचोरी मिळते, पण घर मिळत नाही. टीव्हीचे तसेच झाले होते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, आणि वीज जाऊन आली की तो बदलू शकतो. टीव्ही जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत होता. तिथे आता बायकोचा मोबाइल राहायला आला होता. पुतण्याने राउटरमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा राखून द्यायला सांगितले. आरक्षण केल्यापासून गाडी चुकलेली नाही.

एवढ्यावर थांबायला हवे होते. पण एका सकाळी मी पेन ड्राइव्ह लावून ठेवून संगणक सुरू केला. संगणकाने हार्ड डिस्कचे ‘ई’ हे अक्षर पेन ड्राइव्हला दिले आणि डिस्कला ‘एफ’ केले. ग्रंथालय ‘ई’वर शोधत राहिले आणि एकही चित्रपट सापडेना. घाबरून मी मेनू चाळला. तिथे ‘ग्रंथालय स्वच्छ करा’ असे दिसले. दिवाळी तोंडावर होती, शब्द ओळखीचा वाटला, दाबला. ज्या नोंदींच्या फाइली सापडत नाहीत त्या पुसून टाकणे, असा त्याचा अर्थ होता. सापडत तर एकही नव्हती. तीन आठवडे हाताने दुरुस्त केलेल्या सगळ्या नोंदी क्षणात गेल्या.

पुतण्या म्हणाला, “काका, फक्त कार्डं गेलीत. पुस्तकं कपाटात शाबूत आहेत. अक्षर परत ‘ई’ करा आणि पुन्हा वाचायला लावा.”

तसे केले. चित्रपट एकेक करून परत आले. बायको शेजारी बसून बघत होती. तिने शांतपणे विचारले, “आणि आपलं लग्न?”

१९८६ च्या आमच्या लग्नाची कॅसेट होती. २००५ मध्ये ती एका स्टुडिओतून व्हीसीडीवर उतरवून घेतली आणि मग कॅसेटला बुरशी लागली. आता ते लग्न यादीत कुठेच नव्हते.

“तबकडी बघू,” मी म्हटले.

“तबकड्या सकाळीच भंगारवाल्याला दिल्या. तुम्हीच म्हणालात, झालं सगळं.”

मी म्हणालो होतो. लग्नापेक्षा मला आठवली ती आई. २०११ मध्ये ती गेली. फोटो खूप आहेत. आवाज त्या एकाच तबकडीत होता. मी चप्पल घालून निघालो. भंगारवाल्याचा माल दुपारीच पुढे गेला होता.

रात्री पुन्हा एकेक पोस्टर पाहत बसलो. शेवटच्या रांगेत एक अनोळखी परदेशी चित्रपट दिसला. पावसात मिठी मारलेले एक गोरे जोडपे, आणि खाली साल १९८६. मी फोल्डरला ‘लग्न (१९८६)’ असे शिस्तीत नाव दिले होते. यंत्राने जगभर हिंडून त्या सालातले एक लग्न शोधून आणले होते. बटण दाबले, तर मिठी नाही, पाऊस नाही; खामगावचा मांडव, हॅलोजनचा झगझगाट, पंगत, आणि कॅमेरावाल्याच्या अंगावर धावून जाणारी आई:

“अरे बापा, जेवणाऱ्या लोकायच्या तोंडावर काहून लाइट मारून राह्यला? थो पाय, नवरदेव उपाशी हाये!”

आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. मग बायको म्हणाली, “खरंच उपाशी होतात हो तुम्ही?” मी होय म्हटले. अडतीस वर्षांत तिने हे कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरगुती चित्रफितींसाठी मी वेगळा विभाग केला आणि त्यासाठी महाजालावर काहीही शोधायचे नाही असे यंत्राला बजावले. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, एक पुतण्याकडे. मग जुन्या सवयीने नोंद हाताने भरली. शीर्षक: आमचे लग्न. साल: १९८६. दिग्दर्शक: आई.

बायको मागून वाचत होती. “आणि नायक?”

ती जागा मी कोरी ठेवली होती. तिने पुढे होऊन भरली: “उपाशी.”