घाटातील पहारा

पोलीस म्हटला की मुलांच्या मनात प्रथम भीतीच उभी राहते. हट्ट करणाऱ्या बालकाला थोरांनी पोलिसाच्या नावाने धाक घातलेला असतो. ती भीती मोठेपणीही पुरती जात नाही. चौकात खाकी गणवेश दिसला, की निर्दोष माणूससुद्धा क्षणभर चपापतो. परंतु ज्याची मोटार अपरात्री, भर पावसात, आडवाटेला बंद पडली आहे, त्याचे डोळे त्याच गणवेशाची वाट पाहत असतात.

बोरघाटातील पावसाळी रात्र डोळ्यांपुढे आणावी. खोपोली मागे टाकून गाड्या खंडाळ्याच्या चढणीला लागल्या आहेत. धुके इतके दाट, की दहा पावलांपुढचे दिसू नये. अशा वेळी इंजिन तापून एखादी मोटार नेमकी वळणावर थांबते. आत वृद्ध आई आणि पेंगुळलेले मूल. बाहेर कोसळता पाऊस आणि शेजारून घोंघावत जाणारे मालट्रक. चालकाला काही सुचत नाही. इतक्यात विजेरीचा उजेड हलताना दिसतो. गस्तीवरचा हवालदार येत असतो.

त्याचा पहिला शब्द मात्र कठोरच असतो. "आधी सगळे खाली उतरा! रस्ता सोडून डोंगराच्या कडेला उभे राहा!"

या पावसात म्हातारीला उतरवायचे? चालक गयावया करतो, "साहेब, आईला तरी आत बसू द्या." हवालदार ऐकत नाही. तो स्वतःचा रेनकोट काढून तिच्या खांद्यांवर घालतो आणि म्हणतो, "आजी, माझा हात धरा."

हा निर्दयपणा नव्हे. धुक्यात मागून येणाऱ्या मालट्रकला उभी मोटार दिसते, तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. अशा वेळी मोटारीतील कोरडी जागाच सर्वांत धोक्याची असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या रस्त्यांच्या नद्या झाल्या. त्या दिवशी काही जण काचा लावून मोटारीतच बसून राहिले. पाणी चढले, दारे उघडेनात आणि त्यांचे प्राण गेले. 'गाडी सोडा आणि चालू लागा' असे कोणी वेळीच दरडावले असते, तर तो दरारा त्यांना केवढा मोलाचा ठरला असता!

मग हवालदार मोटारीच्या मागे बऱ्याच अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण मांडतो, बिनतारी यंत्रावरून क्रेन मागवतो आणि ती येईपर्यंत भिजत वाहनांना वाट दाखवीत राहतो. एका कुटुंबासाठी सारा घाट अडून चालत नाही. मागे खोळंबलेल्या रांगेत एखादी रुग्णवाहिकाही असू शकते. त्याची करुणा एकाच मोटारीपाशी थांबत नाही, ती अशी दूरवर पाहते.

'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य आहे. त्यात दुष्टांचा बंदोबस्त आहेच. पण सज्जनांचे रक्षण त्याआधी आले आहे.

मोटार मार्गी लागते. आजी रेनकोट परत करताना त्याच्या ओल्या हातावरून आपला हात फिरवते. हवालदार किंचित हसतो. विजेरीचा उजेड पुन्हा धुक्यात शिरतो आणि पुढच्या वळणाकडे चालू लागतो.